टीकेचा दिवा : हौशी छायाचित्रकारांस चार शब्द

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरविलेल्या छायाचित्र-प्रदर्शनाच्या वेळीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या सभागृहांत आज जें छायाचित्रांचें प्रदर्शन मांडलें आहे, त्यांतील एकहि चित्र धंदेवाईक छायाचित्रकाराचें नाहीं. चित्रें काढणारांत कोणी शिक्षक आहे, कोणी बँकेंत कारकून आहे, कोणी वाडींत केळी पिकवितो, आणि दोघी तर अजून शाळेंत जाणाऱ्या मुली आहेत. कोणापाशीं चांगला कॅमेरा आहे, कोणापाशीं केवळ मोबाइल. ह्या मंडळींस उद्देशून दोन उत्तेजनपर शब्द सांगावे, अशी आज्ञा चिटणिसांनीं मला केली आहे. उत्तेजन तर मी देणारच आहें. परंतु शाबासकी म्हणजेच उत्तेजन, ही समजूत मला मान्य नाहीं. आपल्या कामावर दुसऱ्यानें हितबुद्धीनें केलेली टीका कशी ऐकावी, तींतून काय उचलावें, आणि दुसऱ्याच्या कामावर आपण ती कशी करावी, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम 'हौशी' ह्या शब्दाकडे पाहूं. इंग्रजींत अशा माणसास 'ॲमॅचर' म्हणतात, आणि त्या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंतील 'प्रेम करणें' ह्या अर्थाच्या धातूंत आहे. पैशासाठीं नव्हे, तर कामावरील प्रेमामुळें जो काम करतो तो हौशी. हा त्याचा मोठेपणा आहे, आणि त्याची उणीवहि ह्यांतूनच उत्पन्न होते. धंदेवाईकाचें काम बिघडलें तर गिऱ्हाईक पैसे देत नाहीं. त्याला निराळा टीकाकार नको असतो. हौशी माणसाचें गिऱ्हाईक कोण? त्याची आई, त्याची बहीण, त्याचे मित्र. तीं सर्व माणसें 'छान' एवढेंच म्हणतात. शिवाय, 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कार्टें' ही म्हण मुलांइतकीच चित्रांनाहि लागू पडते. चित्र काढतांना सोसलेली पहांटेची थंडी, घंटेचा नाद, माडांवरून येणारा वारा, हें सारें काढणाराच्या मनांत असतें. कागदावर मात्र त्यांतलें कांहीं उतरलेलें असतें, कांहीं नसतें. पाहणाऱ्यापुढें फक्त कागद असतो. म्हणून काय उतरलें आणि काय राहून गेलें, हें कळण्यास परका डोळाच लागतो.

आतां 'टीका' हा शब्द घ्या. हल्लीं टीका म्हणजे नांवें ठेवणें, असा अर्थ रूढ झाला आहे. मुळांत टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखविणारें विवरण. ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, गीतेवर जी टीका सांगितली, तिला 'भावार्थदीपिका' म्हणतात. दीपिका म्हणजे दिवा. ग्रंथाशेजारीं दिवा धरून त्यांत काय आहे तें दाखविणें, हें टीकेचें खरें काम होय. ज्या कलेचा सारा व्यवहार प्रकाशाशीं आहे, त्या कलेच्या उपासकांनीं तरी दिवा पाहून डोळे मिटूं नयेत.

परंतु सगळीच टीका सारख्या योग्यतेची नसते, आणि ती सगळीच ऐकावी असेंहि नाहीं. ह्याविषयीं एका बाईंचें चरित्र फार उद्बोधक आहे. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन ह्यांचा जन्म १८१५ सालीं कलकत्त्यास झाला. पुढें त्या इंग्लंडांत, आईल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर ह्या गांवीं राहूं लागल्या. १८६३ च्या अखेरीस त्यांच्या मुलीनें व जांवयानें त्यांना एक कॅमेरा भेट दिला. तेव्हां बाईंचें वय ४८ वर्षांचें होतें. कोंबड्यांच्या खुराड्याची त्यांनीं चित्रशाळा केली, आणि कोळशाच्या कोठाराची काळोखी खोली. त्या काळीं कांचेवर कलोडियन नांवाचें चिकट द्रव्य पसरून, ती कांच ओली आहे तोंच चित्र घ्यावें लागे. समोरच्या माणसास कांहीं मिनिटें निश्चल बसावें लागे. १८६४ सालीं बाई लंडनच्या छायाचित्र-संस्थेच्या सभासद झाल्या व प्रदर्शनांत चित्रें ठेवूं लागल्या. तत्काळ त्या कलेच्या नियतकालिकांनीं त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. चित्रें अस्पष्ट आहेत, कांचांवर डाग व ओरखडे आहेत, काम गचाळ आहे, असा तिचा एकूण सूर होता.

ह्या टीकेशीं बाई कशा वागल्या, तें नीट पाहण्यासारखें आहे. अस्पष्टतेचा आक्षेप त्यांनीं मानला नाहीं. भिंग पुढेंमागें करतां करतां, दृश्य डोळ्यास सुंदर वाटूं लागलें कीं त्या तेथेंच थांबत. रेषा सुईसारखी तीक्ष्ण झालीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह नव्हता. खरा फोकस कोणता, हें ठरविण्याचा अधिकार तरी कोणाचा, असा प्रश्न त्यांनीं १८६४ सालीं सर जॉन हर्शल ह्या थोर शास्त्रज्ञास पत्रानें विचारला. मृदु छायेंतून माणसाचें अंतरंग प्रकट करावें, हा त्यांचा हेतु होता. आणि पुढच्या काळानें त्यांच्याच बाजूनें कौल दिला आहे. परंतु १८६९ च्या सुमारास त्यांच्या कांचांवरील लेपास मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या भेगा पडूं लागल्या, आणि चाळिसांहून अधिक मौल्यवान कांचा खराब झाल्या. तेव्हां त्या मानापमान धरून बसल्या नाहींत. छायाचित्र-संस्थेच्या जाणत्या सभासदांपुढेंच त्यांनीं आपली अडचण मांडली व उपाय विचारला. हेतूच्या बाबतींत ठाम, आणि कृतीच्या बाबतींत जिज्ञासु, असा हा स्वभाव होता. आपल्यांतील पुष्कळांचें नेमकें उलट होतें: हेतु काय, हें ठाऊक नसतें, आणि कृतींतील दोष कोणी दाखविला तर मात्र राग येतो.

ह्याच बाईंच्या चरित्रांतील दुसरी एक गोष्ट मला त्याहून बोधप्रद वाटते. प्रसिद्ध चित्रकार जी. एफ. वॉट्स हे त्यांचे स्नेही व मार्गदर्शक होते. बाई त्यांना आपलीं चित्रें अभिप्रायासाठीं पाठवीत. वॉट्स ह्यांनीं त्यांना कळविलें कीं, जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या किंमती प्रती मला पाठवूं नका; सदोष, बिनपुठ्ठ्याच्या प्रती पाठवा, मला त्यांवरूनहि तितकाच निर्णय करतां येईल. बंधुभगिनींनो, ह्या सूचनेचें मर्म ध्यानांत घ्या. आपण गुरूपुढें नेतों तें आपलें सर्वांत चांगलें चित्र. कारण आपणांस शिक्षण नको असतें, शाबासकी हवी असते. वैद्याकडे जातांना कोणी आपला धडधाकट हात पुढें करून दुखरा हात पाठीमागें लपवीत नाहीं. ज्यास शिकावयाचें आहे, त्यानें जें चित्र साधलें नाहीं तेंच आधीं दाखवावें.

आतां टीकाकाराच्या बाजूनें पाहूं. लंडन येथें १८८४ सालीं हौशी छायाचित्रकारांसाठींच एक साप्ताहिक निघालें. त्याच्या १८८७ सालच्या स्पर्धेंत आल्फ्रेड स्टीग्लिट्स नांवाच्या एका अमेरिकन तरुणास पहिलें बक्षीस मिळालें. त्या वेळीं तो बर्लिनमध्यें शिकत होता; चित्र होतें इटलींतील एका गांवच्या हसऱ्या मुलांचें. परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन, त्या काळचे मोठे जाणकार. त्यांनीं नुसतें बक्षीस दिलें नाहीं. ह्या चित्रांतील सहजता त्यांना विशेष आवडली, हें कारणहि त्यांनीं सांगितलें. स्तुति करतांनासुद्धां कारण सांगावें, म्हणजे तीहि शिक्षण होते. 'छान' ह्या शब्दानें कोणाचें कांहीं शिकून होत नाहीं. 'मुलें कॅमेऱ्याकडे न पाहतां हसत आहेत, म्हणून छान' ह्या वाक्यानें होतें. हाच तरुण पुढें त्या कलेचा एक अग्रणी झाला, आणि १९०३ पासून १९१७ पर्यंत 'कॅमेरा वर्क' हें ख्यातनाम नियतकालिक त्यानें चालविलें.

एमर्सन ह्यांचीच पुढची हकीकतहि सांगितली पाहिजे. १८८९ सालीं त्यांनीं छायाचित्रण ही निसर्गाशीं प्रामाणिक अशी ललितकलाच आहे, असें प्रतिपादणारा मोठा ग्रंथ लिहिला. आणि पुढच्याच वर्षीं काळ्या चौकटीची एक पुस्तिका काढून तें आपलें मत मागें घेतलें. इतक्या थोर परीक्षकाचें मत जर एका वर्षांत पालटलें, तर कोणा एकाच्या अभिप्रायास अंतिम निवाडा मानून कोणी फुगून जाऊं नये व कोणी खचूनहि जाऊं नये. एकानें सांगितलेला दोष लक्षांत ठेवावा. तोच दोष तिघांनीं, एकमेकांस न विचारतां सांगितला, तर तो दूर करण्यास त्याच दिवशीं आरंभ करावा.

ही रीत आपल्या प्रांतासहि नवी नाहीं. मुंबईची छायाचित्र-संस्था १८५४ सालीं स्थापन झाली. कॅमेऱ्याची ही कला जगास माहीत होऊन तेव्हां पुरतीं सोळा वर्षेंहि झालीं नव्हतीं. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८५५ सालीं छायाचित्रणाचा वर्गहि निघाला. १८५६ ते १८५८ ह्या काळांत हौशी मंडळींच्या चित्रांचा एक मासिक संग्रह मुंबईंत निघत असे. ह्यांतील अनेक माणसें वैद्यक, शिक्षण, सरकारी नोकरी असा आपापला व्यवसाय संभाळून हें काम करीत. एकट्यानें शिकण्यापेक्षां चार जणांनीं मिळून शिकणें बरें, हें त्यांस कळलें होतें. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण खरी होण्यास पुढच्यानें आपली ठेच चारचौघांत दाखविली पाहिजे.

इतका इतिहास सांगितल्यावर आतां आपल्या गांवाकडे येतों. ह्या प्रदर्शनांत खिडकीजवळ बसलेल्या एका नव्वदीच्या आजीचें चित्र आहे. लुगडें नेसलेली, हातांत जपमाळ धरलेली, अशी ती आपणां सर्वांस परिचित होती. तिच्या नातवानें तिचें जें पहिलें चित्र काढलें, तें प्रदर्शनांत नाहीं; परंतु तें मीं पाहिलें आहे. खिडकी लख्ख उजळलेली, आणि आजीचा चेहरा काळोखांत बुडालेला. घरच्या मंडळींनीं तें पाहून 'छान आहे' म्हटलें. एका मित्रानें 'कोळसा दिसतो' म्हणून थट्टा केली. शेजारच्या एका निवृत्त मास्तरांनीं मात्र चित्र हातांत घेऊन बराच वेळ पाहिलें, आणि ते म्हणाले, "बाळ, आजीचे हात तूं फार सुरेख टिपले आहेस. पण माझी नजर आधीं खिडकीवर जाते, मग हातांवर येते, आणि चेहरा कांहीं मला सांपडत नाहीं. उजेड तिच्या पाठीमागून येतो आहे. खिडकीच्या उजेडावरून कॅमेरा हिशेब करतो, म्हणून चेहरा काळा पडतो. तिला खिडकीकडे तोंड करून बसीव, आणि तूं खिडकीच्या बाजूस उभा राहा."

ह्या तीन अभिप्रायांची तुलना करा. पहिल्यांत प्रेम आहे, पण सत्य नाहीं. दुसऱ्यांत सत्य आहे, पण प्रेम नाहीं, आणि उपायहि नाहीं. तिसऱ्यांत चार गोष्टी क्रमानें आल्या आहेत: काय साधलें, पाहणाराची नजर कोठें अडली, ती कां अडली, आणि आतां काय करावें. मास्तरांनीं 'तुला चित्र काढतां येत नाहीं' असें म्हटलें नाहीं. बोलणें सारें चित्राविषयीं होतें, मुलाविषयीं नव्हे. पुढच्या रविवारीं त्या मुलानें आजीस पुन्हा बसविलें. तें दुसरें चित्र तुम्हांपुढें आहे. सुरकुतीन् सुरकुती त्यांत दिसते, आणि डोळ्यांतील मिस्किलपणाहि दिसतो. ह्या पावसाळ्यांत आजी देवाघरीं गेली. पहिलें चित्र 'छान' ठरवून ठेवून दिलें असतें, तर आज त्या घरांत खिडकीचें चित्र उरलें असतें, आजीचें नव्हे.

म्हणून मी म्हणतों कीं, हा विषय केवळ करमणुकीचा नाहीं. आपल्या गांवांतील जुनीं घरें पडत आहेत, विहिरी बुजत आहेत, लुगडें नेसणाऱ्या बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत. लग्नांतील जुनीं गाणीं म्हणणाऱ्या वृद्धा एकेक करून निघून जात आहेत. त्यांचीं चित्रें काढण्यास बाहेरून कोणी येणार नाहीं. तीं काढणार आमचीच हौशी मुलें. चित्र चुकलें तर धडा पुन्हा गिरवितां येतो, परंतु माणूस पुन्हा येत नाहीं. मुलांस वेळेवर खरें न सांगणें, हा त्या माणसांच्या स्मृतीवरहि अन्याय होय.

खरें सांगतांनाहि शब्द जपून योजावे लागतात. एका मुलीनें सणाच्या मिरवणुकीचें चित्र मोठ्या हौसेनें सर्वांस पाठविलें. तींत ध्वज धरणाऱ्या मुलाच्या नेमका मागें विजेचा खांब होता. "डोक्यांतून खांब उगवला" म्हणून लोक दोन दिवस हंसत राहिले. मुलीनें कॅमेरा कपाटांत ठेवून दिला. पुढें कोणीतरी तिला शांतपणें सांगितलें कीं, बटण दाबण्यापूर्वीं चौकटीच्या चारी कोपऱ्यांतून एकदां नजर फिरवावी, आणि मागें खांब दिसला तर दोन पावलें बाजूस व्हावें. तिनें पुन्हा कॅमेरा हातीं घेतला. दोष तोच, सांगणें निराळें. पहिल्या सांगण्यानें दार बंद झालें, दुसऱ्यानें उघडलें.

ऐकणाऱ्यासहि चार गोष्टी सांगतों. अभिप्राय विचारतांना 'कसें आहे?' असा मोघम प्रश्न करूं नये; त्याला 'छान' हेंच उत्तर येणार. 'तुमची नजर आधीं कोठें गेली?' असें विचारावें. ह्या प्रश्नाचें उत्तर लहान मूलहि खरें देतें. दुसरें, उत्तर येत असतां मध्यें बोलूं नये. 'त्या वेळीं ऊन फार होतें', 'गर्दी फार होती', हें सारें खरें असेल. परंतु चित्राबरोबर त्याचा वकील भिंतीवर टांगतां येत नाहीं. तिसरें, ऐकलेलें त्याच दिवशीं वहींत टिपून ठेवावें, आणि रात्रभर त्यावर झोप घ्यावी. सकाळीं अपमान ओसरलेला असतो व सूचना उरलेली असते. चौथें, सूचना पटली तर तिचा प्रयोग पुढच्याच चित्रांत करावा, आणि जुनें व नवें चित्र शेजारीं शेजारीं ठेवून पाहावें. सूचनेची खरी परीक्षा वादानें होत नाहीं, ती अशा तुलनेनें होते. न पटली तर कां पटली नाहीं, हें स्वतःस सांगतां आलें पाहिजे. कॅमेरॉनबाईंस तें सांगतां येत होतें, म्हणून त्यांचा हट्ट हा हट्ट न राहतां निष्ठा ठरला.

वडील मंडळींस माझी एक विनंति आहे. प्रत्येक चित्राखालीं आज एकेक कोरी वही ठेविली आहे. तींत 'फार सुंदर' एवढेंच लिहून पुढें जाऊं नका. चित्रांत काय साधलें, त्याची एक ओळ लिहा. काय निराळें करतां येईल, त्याची दुसरी ओळ लिहा. आपणांस कॅमेऱ्याचें कांहीं कळत नाहीं, अशी सबब सांगूं नका. चेहरा ओळखतां येतो कीं नाहीं, घर वांकडें दिसतें कीं सरळ, आणि चित्र पाहून तो सण पुन्हा आठवतो कीं नाहीं, हें तुमच्याइतकें कोणास कळणार? तरुणांस माझें सांगणें एवढेंच कीं, वही घरीं नेल्यावर स्तुतीचीं पानें आईस वाचून दाखवा, आणि उरलेलीं पानें स्वतः दोनदां वाचा.

प्रदर्शन आठ दिवस उघडें राहील. वह्या कोऱ्या परत जाऊं नयेत, ही जबाबदारी आतां तुम्हां सर्वांची आहे.